इंजिन बांधताना काय बदलायचं, हे मायक्रोमीटर ठरवतो

“भिया, रिंग डाल देते हैं, धुआँ बंद हो जाएगा.” दोन वर्षांपूर्वी इंदूरमधला एक गॅरेजवाला असं म्हणाला आणि मी हो म्हटलं. नव्या रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, पडल्या, धूर थांबला, गाडीला पुन्हा ओढ आली. चार-पाच महिन्यांनी ओंकारेश्वरहून परत येत होतो. सिमरोलच्या अलीकडचा घाट लागला, दुसरा गिअर टाकून पाय दाबला, तर आरशात मागचा रस्ता दिसेना. नुसता निळसर धूर. मागच्या सीटवर आई नाकाला पदर लावून बसली होती. हजार किलोमीटरला पाऊण लिटर तेल पिणारी ती गाडी अखेर पुन्हा उघडावी लागली. या वेळी मात्र गाडीचं काम चाललं होतं तिथेच मी बसून राहिलो.

सोबत सुदामानगरातले आमचे शेजारी काका होते. पिथमपूरच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी सुट्या भागांची मापं तपासण्यात गेली. निवृत्त होऊनही मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणाऱ्या हत्याराची, लाकडी पेटी त्यांनी कपाटात जपून ठेवली आहे. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, “काय काय बदलायचं ते मिस्त्रीला नंतर विचार. आधी किती झिजलंय ते विचार.” तेव्हा मला यात फारसं काही वाटलं नाही. पंधरा दिवसांनी कळलं, की आमचे आधीचे पैसे पाण्यात गेले ते हा एक प्रश्न न विचारल्यामुळे.

आधी आत काय चालतं ते पाहू. चार सिलिंडरची पेट्रोल गाडी ताशी ८० किलोमीटरने जाते तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण ३००० फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन, म्हणजे सिलिंडरच्या नळकांड्यातला दट्ट्या, एकदा वर जातो, एकदा खाली येतो. ७५ मिलिमीटरची ती येरझार धरली तर त्याचा सरासरी वेग ताशी २७ किलोमीटरच भरतो, वेगात जाणाऱ्या सायकलवाल्याइतका. पण वर टोकाला आणि खाली टोकाला तो क्षणभर पूर्ण थांबतो. सेकंदाला शंभर वेळा थांबायचं आणि शंभर वेळा पुन्हा सुटायचं. आमची गाडी १ लाख ८० हजार किलोमीटर चालली होती. शहरातलं खालच्या गिअरमधलं चालणं बाजूला ठेवलं, तरी हिशोब चाळीस कोटी फेऱ्यांवर जातो.

एवढं होऊनही धातू टिकतो, कारण इंजिनात धातू धातूला लागत नाही. निदान लागू नये अशी रचना असते. दर दोन हलत्या भागांमध्ये ठरवून ठेवलेली एक फट असते आणि त्या फटीत तेल असतं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात साधारण ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या येरझारीने गोल फिरणारा खालचा दांडा, आणि त्याच्या बेअरिंगमध्येही जवळपास तेवढीच. माणसाचा केस यापेक्षा जाड असतो. गॅरेजात हिला क्लिअरन्स म्हणतात, काका मोकळीक म्हणतात. मोकळीक कमी पडली तर तेलाला जागा उरत नाही, भाग तापून एकमेकांना धरतात. जास्त झाली तर तेल आणि दाब दोन्ही तिच्यातून निसटतात. इंजिन म्हातारं होतं म्हणजे या फटी रुंदावतात. इंजिन बांधायचं म्हणजे प्रत्येक फट पुन्हा मूळ मापावर आणायची. त्यासाठी कधी भाग बदलावा लागतो, कधी जुनाच भाग घासून त्याला जुळणारा दुसरा आणावा लागतो, तर कधी काहीच करावं लागत नाही.

उघडण्याआधी एक तपासणी झालीच पाहिजे. तिला खर्च जवळजवळ नाही, त्यामुळे ती टाळणाऱ्याकडे गाडी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. चारही स्पार्क प्लग काढायचे, इंधन बंद ठेवायचं, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, एकेका भोकात गेज लावून स्टार्टर मारायचा आणि कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, बघायचं. आमच्याकडे पहिल्या सिलिंडरमध्ये अकरा किलो दाब आला, तिसऱ्यात साडेसात. मग मिस्त्रींनी तिसऱ्याच्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा स्टार्टर मारला. काटा साडेदहावर गेला. तेल पिस्टनच्या माथ्यावर पसरून रिंगेभोवतीची फट तात्पुरती भरतं. म्हणून तेल टाकल्यावर दाब चढला तर गळती रिंग आणि सिलिंडरच्या बाजूला आहे. चढला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह, म्हणजे वायू आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, नीट बसत नाहीत किंवा हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलं आहे. काही न खोलता, चमचाभर तेलाने एवढं कळतं.

धूरही बरंच सांगतो. सकाळी पहिल्या स्टार्टला निळ्या धुराचा एक भपका येऊन थांबला, तर व्हॉल्व्हच्या दांड्यावरची रबरी सील कडक झालेली असतात. रात्रभर वरून तेल ठिबकत राहतं आणि सकाळी जळतं. चढावर जोर दिल्यावर निळा धूर सतत येत राहिला तर रिंगांकडे पाहावं. पांढरा दाट धूर येतो, त्याला गोडसर वास असतो आणि रेडिएटरचं पाणी कमी होतं, तेव्हा कूलंट आत शिरतंय.

हेड उतरलं आणि मिस्त्रींनी मला जवळ बोलावलं. तिसऱ्या सिलिंडरच्या तोंडाशी, वरच्या काठापासून बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खाली, त्यांनी नख फिरवायला सांगितलं. नख अडकलं. आतून गोलाकार कंगोरा आला होता, जुन्या रांजणाच्या गळ्याला असतो तसा. त्या कंगोऱ्याच्या वर रिंग कधी पोहोचत नाही, म्हणून तिथला धातू पहिल्या दिवसाइतकाच आहे. कंगोऱ्याच्या खाली सिलिंडर खाल्ला गेला होता.

झीज वरच का जास्त? तेलाचा थर हलत्या भागाच्या वेगावर टिकतो. ओल्या फरशीवरून झपाझप चालताना चप्पल सरकते, कारण तिच्याखाली पाण्याचा थर धरून राहतो. थांबलं की चप्पल टेकते. वर टोकाला पिस्टन थांबतो तेव्हा तेलाचा थर सर्वांत पातळ होतो आणि नेमकं त्याच वेळी भडका उडतो. जळत्या वायूचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला सिलिंडरच्या भिंतीवर दाबतो. उष्णता, दाब आणि अपुरं तेल, तिन्ही एकाच जागी. त्यातच एअर फिल्टरच्या फटीतून धूळ आत गेली तर ती पॉलिश पेपरसारखं काम करते. शिवाय पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका असल्यामुळे पिस्टन एका बाजूला जास्त रेलतो, म्हणून सिलिंडर नुसता रुंद होत नाही, लंबगोल होतो. वर रुंद, खाली अरुंद आणि मध्ये लंबगोल, असा तो आकार बनतो.

आता त्यात नवी गोल रिंग घातली तर काय होतं, याचं गणित काकांनी बिलाच्या मागच्या बाजूला मांडून दाखवलं. रिंग पूर्ण बंद कडं नसते, तिच्या दोन टोकांमध्ये फट असते. ७४ मिलिमीटरच्या सिलिंडरमध्ये ती साधारण ०.३ मिलिमीटर ठेवतात, म्हणजे रिंग तापून फुगली तरी टोकं एकमेकांना भिडत नाहीत. सिलिंडरचा व्यास वर ०.१ मिलिमीटरने वाढला, तर परीघ वाढतो त्याच्या ३.१४ पट, म्हणजे ०.३१. खाली ०.३ असलेली फट वर पोहोचेपर्यंत दुप्पट होते. आणि हे दर येरझारीत घडतं: रिंग वर जाताना उमलते, खाली येताना मिटते, सेकंदाला पन्नास वेळा. ती आपल्या खाचेत सतत आतबाहेर घासत राहते, खाच सैल होते आणि भिंतीला रिंग कधी पूर्ण टेकतच नाही.

दुसरं संकट त्या कंगोऱ्याचं. जुन्या रिंगेचा काठ झिजून त्याच्याखाली बसेल असा गोल झालेला असतो. नव्या रिंगेचा काठ चौकोनी असतो, तो कंगोऱ्यावर आपटतो. आमच्या तिसऱ्या पिस्टनची वरची रिंग दोन तुकड्यांत निघाली आणि तिने भिंतीवर उभे ओरखडे काढले होते. दोन वर्षांपूर्वी नवी टाकलेली, चांगल्या प्रतीची रिंग होती ती. भाग नवा होता, पण ज्या जागेत तो घातला ती जागा कुणी मोजली नव्हती. मला राग आला खरा, पण तेव्हा विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.

ब्लॉक, म्हणजे चारही सिलिंडर असलेलं इंजिनाचं धड, सिलिंडर कापणाऱ्या बोअरिंगवाल्याकडे गेला तेव्हा काकांनी मोजणीचा तक्ता आखला. चार सिलिंडर. प्रत्येकात तीन पातळ्यांवर माप: वर, मध्ये, खाली. प्रत्येक पातळीवर दोन दिशांना: इंजिनाच्या लांबीच्या दिशेने आणि तिच्याशी काटकोनात. एकूण चोवीस आकडे. बोअर गेज आत सोडून काका ते अगदी हलके डोलवायचे, काटा मागे-पुढे व्हायचा आणि ज्या टोकावरून परत फिरायचा तो आकडा मी लिहायचो. मूळ माप ७४.०० ते ७४.०२. तिसऱ्या सिलिंडरमध्ये वर ७४.१७ आला, खाली ७४.०५. वरच्या आणि खालच्या मापातला फरक ०.१२. आमच्या इंजिनाला ०.१० पेक्षा जास्त फरक चालत नाही. म्हणजे नुसत्या रिंगा हा पर्याय चोवीस आकड्यांनीच बाद केला.

मग सिलिंडर कापून मोठा करायचा आणि त्यात मोठा पिस्टन घालायचा. ओव्हरसाइझ पिस्टन ठरावीक मापांतच मिळतात: मूळ मापाला स्टँडर्ड म्हणतात, त्यापुढे ०.२५ आणि ०.५० मिलिमीटर जास्तीचे. जुने मिस्त्री इंचाच्या हिशोबात यांना दहा आणि वीस म्हणतात. मी म्हटलं, झीज ०.१७ आहे, मग ०.२५ पुरेल की. काकांनी मान हलवली. “झीज एका अंगाला आहे रे. कापताना मशीन मधोमध उभं राहतं. व्यास ०.२५ ने वाढवायचा म्हणजे प्रत्येक अंगाने सव्वा दशांशच निघणार. एका बाजूला खड्डा त्याहून खोल असेल तर तो तसाच राहील.” झीज जिथे एकाच बाजूला ०.१५ च्या आसपास होती तिथे ०.१२५ काढून भागणार नव्हतं, वर ते ओरखडेही होते. म्हणून ०.५० ठरलं. आणि एकट्या तिसऱ्या सिलिंडरला नाही, चारही सिलिंडरला. पिस्टनांची वजनं वेगवेगळी झाली तर इंजिन थरथरतं.

इथे एक गोष्ट मनावर ठसवून घ्यावी: आधी पिस्टन विकत आणायचे, मग सिलिंडर कापायचा. बॉक्सवर ०.५० छापलेलं असलं तरी प्रत्येक पिस्टन शंभरांश मिलिमीटरने पुढे-मागे असतो. आमचा एक ७४.४७ भरला, त्याला ७४.५० चा बोअर केला. जो पिस्टन ज्या सिलिंडरसाठी मोजला त्याच्या डोक्यावर मार्करने तो क्रमांक टाकला. पिस्टन मोजण्याचीही जागा ठरलेली असते. तो दिसतो गोल, पण असतो किंचित लंबगोल आणि वर निमुळता. माथा जास्त तापतो आणि जास्त फुगतो, म्हणून तिथे आधीच बारीक ठेवलेला असतो. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून माप घ्यायचं खालच्या घेरावर, पिस्टन पिनच्या, म्हणजे त्याला रॉडशी जोडणाऱ्या आडव्या खिळीच्या, काटकोनात. माथ्यावर मायक्रोमीटर लावून “मोकळीक खूप आहे” म्हणणारा माणूस चुकीची फट मोजतोय.

कापून झाल्यावर होनिंग. फिरता दगड खाली-वर करत भिंतीवर बारीक तिरक्या रेघा उमटवतात, एकमेकींना छेदणाऱ्या. भिंत आरशासारखी गुळगुळीत असावी असं आपल्याला वाटतं. पण आरशावर तेल ठरत नाही. त्या रेघांत ते धरून राहतं. आणि सुरुवातीला रेघांची टोकं आणि रिंगेचा काठ एकमेकांना घासूनच रिंग आपली जागा करते.

या टप्प्यावर आमच्या मिस्त्रींनी जे केलं ते मी बघत राहिलो. बोअरिंगवाल्याने ब्लॉक पेट्रोलने धुऊन चकचकीत करून दिला होता. मिस्त्रींनी घमेल्यात गरम पाणी आणि कपडे धुण्याची पावडर घेतली, बाटलीच्या ब्रशने एकेक सिलिंडर घासला, मग आईच्या जुन्या सुती साडीचा पांढरा तुकडा आत फिरवला. काळपट राखाडी निघाला. पुन्हा धुतलं, पुन्हा राखाडी. पाचव्या वेळी कापड पांढरं आलं, तेव्हा कुठे भिंतीला तेलाचा हात दिला. उघडं बीड तासाभरात गंजायला लागतं. होनिंगच्या दगडाचे कण भिंतीच्या रेघांत रुतून बसतात. पेट्रोल किंवा रॉकेल त्यांना पसरवतं, साबणाचं पाणी उचलून बाहेर काढतं. ते कण राहिले तर नव्या रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्येच घासल्या जातात. माझ्या मते सगळ्या कामातली ही सर्वांत मोलाची अर्धी दुपार होती, आणि बिलात तिची ओळही नव्हती.

आता खालचा भाग, क्रँक. क्रँक आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामध्ये अर्धगोल पत्र्यांसारखे दोन तुकडे असतात, तेच बेअरिंग. पाठ पोलादाची आणि आतला थर अॅल्युमिनियम-कथिल किंवा तांब्याच्या मऊ मिश्रधातूचा. मऊ असण्यामागे हेतू आहे. तेलातून एखादा कण आलाच तर तो बेअरिंगमध्ये रुतावा आणि महागडा क्रँक वाचावा. इंजिन चालू असताना क्रँक तेलावर तरंगत असतो. बेअरिंगची खरी झीज सुरू करताना आणि बंद करताना होते, जेव्हा तो टेकतो.

गरम इंजिन आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत नुसतं चालू, असताना तेलाचा लाल दिवा लुकलुकत असेल तर बरेच जण तेलाचा पंप बदलतात. पंप झिजलेला असूही शकतो. पण बेअरिंगच्या फटीतून निसटणाऱ्या तेलाचा नियम फार कडक आहे: फट दुप्पट झाली की गळती दुप्पट होत नाही, साधारण आठ पट होते. नवा पंप बसवून फुटक्या माठात पाणी भरण्यासारखं ते काम. आधी बेअरिंग आणि क्रँक मोजायचे.

आमच्या क्रँकचे रॉडकडचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, लंबगोल झाले होते, मधले म्हणजे मेन जर्नल मात्र चांगले होते. म्हणून रॉडचे जर्नल ०.२५ ने ग्राइंड केले आणि त्या मापाला जुळणारे, म्हणजे अंडरसाइझ ०.२५ चे बेअरिंग आणले. मधल्यांना फक्त पॉलिश आणि स्टँडर्ड मापाची नवी बेअरिंगं. ग्राइंडिंगवाल्याला एक गोष्ट बजावून सांगावी. जर्नल जिथे क्रँकच्या भिंतीला मिळतो तिथे कोपरा गोलसर असतो, तो तसाच राहायला हवा. काटकोनात धार काढली तर नेमका तिथून क्रँक तडकतो. काही नव्या गाड्यांमध्ये क्रँकचा पृष्ठभाग वेगळ्या प्रक्रियेने कठीण केलेला असतो आणि तो ग्राइंड करायला कंपनी मनाई करते. काहींच्या सिलिंडरला असा लेप असतो की तो कापता येत नाही. म्हणून त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी हवं.

बेअरिंगच्या कॅपा, म्हणजे त्यांना खालून धरणारी बोल्टची अर्धगोल झाकणं, घासून फट कमी करण्याची एक जुनी गावठी युक्ती आहे. ती कुणालाही करू देऊ नका. कॅप आणि रॉड कारखान्यात एकत्र बोल्ट करून एकाच वेळी बोअर केलेले असतात. एकाची कॅप दुसऱ्याला चालत नाही, उलटी फिरवलेलीही चालत नाही. काढतानाच प्रत्येकीवर क्रमांक आणि दिशा टाकावी.

हेडचं थोडक्यात सांगतो, कारण आमचं फार बिघडलं नव्हतं. सपाट पट्टी हेडवर आडवी-तिरकी ठेवून खालून फिलर गेजचं पातं सरकवायचं, ०.०५ चं पातं आत गेलं तर हेड वाकलं आहे आणि ते मशीनवर सपाट करावं लागतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि यातली बहुतेक उष्णता तो बंद असताना सीटमधून, म्हणजे ज्या कडेवर तो टेकतो तिच्यातून, हेडला देतो. म्हणून व्हॉल्व्ह आणि सीट पूर्ण गोलाईने टेकले पाहिजेत. एका जागी जरी फट राहिली तर वायू तिथून फुंकणीसारखा सुटतो आणि व्हॉल्व्हचा काठ जाळतो. मिस्त्रींनी पेस्ट लावून एकेक व्हॉल्व्ह हाताने घासला, मग हेड कुशीवर आडवं करून पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हमागच्या वायूच्या वाटेत, रॉकेल भरून ठेवलं. दोन व्हॉल्व्हच्या कडेला ओल दिसली. ते पुन्हा घासले. व्हॉल्व्हचा दांडा ज्यांत सरकतो त्या गाइड मोजल्या, मापात होत्या, ठेवल्या. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट मापात होता, तोही ठेवला. चांगला भाग मोजून ठेवणं हेही काम आहे, आणि त्याने आमचे बरेच पैसे वाचले.

काही वस्तू मात्र मोजायच्या नसतात, इंजिन उघडलं की नव्याच घालायच्या: सगळी पॅकिंग, क्रँकची पुढची-मागची ऑइल सील, व्हॉल्व्हची रबरी सील, टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर, ऑइल फिल्टर. हेडचे बोल्ट ताणले जाणाऱ्या प्रकारचे असतील तर तेही. वॉटर पंप चालू असला तरी मी बदलून घेतला, कारण तो बदलण्यासाठी नंतर पुन्हा तेवढंच खोलावं लागलं असतं.

बांधणीच्या दिवशी मिस्त्रींनी पंखा बंद केला, धूळ नको म्हणून. बेअरिंगला तेल, प्रत्येक बोल्टला दोन-तीन टप्प्यांत ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क पाना आणि प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघायचा. तिसरी कॅप आवळल्यावर क्रँक जड झाला. घाई असती तर पुढची आवळली असती. मिस्त्रींनी ती काढली. बेअरिंगच्या पाठीमागे कापडाचा एक धागा अडकला होता. धागा! तो काढला आणि क्रँक लोण्यासारखा फिरला. रिंगांच्या फटी एकाखाली एक न ठेवता तीन दिशांना वळवल्या, पिस्टनवरचा बाण टायमिंगच्या बाजूला केला आणि पिस्टन हातोड्याच्या लाकडी दांड्याने हलकेच आत ढकलले.

सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टर मारला, लाल दिवा विझेपर्यंत. म्हणजे तेल सगळीकडे पोहोचलं. मग सुरू केली. नवं इंजिन जपायचं म्हणून ते तासभर आयडलला ठेवणारे पुष्कळ आहेत. त्याने नुकसान होतं. रिंगेला भिंतीवर दाबतो तो मुख्यतः वायूचा दाब, रिंगेची स्वतःची ताण फार थोडी असते. आयडलला तो दाब मिळत नाही, रिंग बसत नाही आणि होनिंगच्या रेघा तशाच गुळगुळीत होतात. गाडी तापली की रस्त्यावर काढायची, मध्यम जोर द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा. पूर्ण दाबायची नाही आणि तासन् तास एकाच वेगानेही चालवायची नाही. आम्ही पहिले काही दिवस सकाळी लवकर देवास रस्त्याला जाऊन यायचो, काका शेजारी बसून कान देऊन ऐकायचे. पाचशे किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलला. जुन्या तेलात बोट बुडवून उन्हात धरलं तर चांदीसारखी बारीक चमक होती, नव्या रिंगा बसताना सुटलेला धातू. पुढच्या वेळच्या तेलात ती नव्हती.

काकांनी तक्त्याची नक्कल माझ्याकडे दिली आहे. चोवीस आकडे, त्याखाली त्यांच्या अक्षरात: पिस्टन ०.५०, रॉड बेअरिंग ०.२५, मेन स्टँडर्ड, तारीख आणि किलोमीटर. उद्या कुणीही हे इंजिन उघडलं, तरी दुकानात कुठल्या मापाचा भाग मागायचा हे बाहेरून बघून त्याला कळणार नाही. म्हणून तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गाडीच्या कागदपत्रांत, विम्याच्या मागे ठेवला आहे.